अंगणवाडीतल्या मुलाचे आठ रुपये

१ फेब्रुवारी २०२५ ला केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, ही त्या दिवसाची मोठी बातमी होती आणि घरोघरी तिचीच चर्चा झाली. त्याच भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंगणवाड्यांबद्दलही दोन ओळी वाचल्या. ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या योजनेतून देशातल्या ८ कोटींहून जास्त मुलांना आणि १ कोटी गरोदर व स्तनदा मातांना पोषण आहार मिळतो आणि या आहाराच्या खर्चाचे निकष योग्य तेवढे वाढवले जातील, असं त्यांनी सांगितलं. या ओळींकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

खर्चाचा निकष म्हणजे एका मुलाच्या एका दिवसाच्या आहारासाठी ठरलेला दर. हा दर २०१७ साली ठरला. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी ८ रुपये, गरोदर किंवा स्तनदा बाईसाठी साडेनऊ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. सात वर्षांनंतर, ते भाषण झालं तेव्हाही दर तेच होते.

माझी मावशी अंगणवाडी सेविका होती. तिच्या पिशवीत कायम दोन वह्या असायच्या. एकीत मुलांची वजनं आणि दुसरीत वाण्याची उधारी. सरकारचा अर्थसंकल्प म्हणजे काय, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्या दुसऱ्या वहीतून जास्त कळलं. पैसे आले नाहीत तरी चूल पेटवावीच लागायची, कारण मुलं दहा वाजता दारात येऊन बसायची. हा लेख त्या उधारीच्या वहीबद्दल आहे. ती का लिहावी लागते आणि तिचा तुमच्याआमच्या घराशी काय संबंध, ते समजून घेऊ.

एकाच योजनेचे तीन आकडे

घरात लग्न ठरलं की आधी यादी होते. मंडप एवढा, आचारी एवढा, कपडे एवढे. मध्येच कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो आणि यादी बदलते. लग्न उरकल्यावर सगळ्यांचे पैसे चुकते केले, की खरा खर्च कळतो. सरकारचंही असंच चालतं. वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होतो तो अर्थसंकल्पीय अंदाज. वर्ष सरत आलं की पुढच्या अर्थसंकल्पासोबत येतो तो सुधारित अंदाज. आणि त्याच्याही पुढच्या वर्षी कळतो तो प्रत्यक्ष खर्च.

बातमीत बहुतेक वेळा पहिलाच आकडा असतो. २०२४-२५ साठी पोषण २.० ला २१,२०० कोटी रुपये जाहीर झाले होते. सुधारित अंदाजात ते सुमारे २०,०७१ कोटींवर आले. म्हणजे ११०० कोटींहून जास्त रक्कम कमी झाली, पण त्याचा मथळा झाला नाही. तोवर नव्या वर्षाचा नवा, आणखी मोठा आकडा आलेला होता.

म्हणून कुणी म्हणालं की यंदा मुलांसाठी विक्रमी तरतूद आहे, तर आधी एवढंच विचारावं: गेल्या वर्षी जाहीर झालेल्यातले किती खर्च झाले?

आकडा वाढतोय, मग अडचण कुठे आहे?

२०२१-२२ मध्ये या योजनेचा अर्थसंकल्पीय अंदाज सुमारे २०,१०५ कोटी होता. २०२५-२६ मध्ये तो २१,९६० कोटी झाला. चार वर्षांत साधारण ९ टक्के वाढ. याच काळात किरकोळ महागाई दरवर्षी साडेचार ते पावणेसात टक्क्यांच्या दरम्यान राहिली. किराण्याचं बिल भरणाऱ्या कुणालाही यातलं गणित सांगायला नको. नोटा वाढल्या, पण त्यांत येणारी डाळ कमी झाली.

आता त्या आठ रुपयांकडे या. गहू-तांदूळ सरकार राज्यांना स्वस्त दराने देतं, म्हणून धान्याचा भार थोडा हलका होतो. तरी डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, भाजी, जळण, शिजवणाऱ्या बचत गटाचा मोबदला हे सगळं उरतंच. २०२५ मध्ये दुकानात एक अंडं सहा-सात रुपयांना पडत होतं. त्यामुळे मुलाच्या ताटात अंडं ठेवायचं, तर आठ रुपयांतून बाकी काही ठेवता येत नाही.

महाराष्ट्राने यावर आदिवासी भागापुरता एक मार्ग काढलेला आहे. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. त्यासाठी राज्य स्वतःच्या तिजोरीतून पैसे घालतं. केंद्राचा दर वाढेपर्यंत राज्याला थांबावंच लागतं असं नाही, हे यातून दिसतं.

दर वाढवायला किती लागतील? वर्षात आहार साधारण ३०० दिवस दिला जातो. ८ कोटी मुलांसाठी रोज २ रुपये वाढवले, तर वर्षाला ४,८०० कोटी होतात. आहाराचा खर्च केंद्र आणि बहुतेक राज्यं निम्मा-निम्मा उचलतात, म्हणजे केंद्रावर २,४०० कोटींचा भार आणि उरलेला राज्यांवर मिळून. रक्कम मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण केंद्राच्या संपूर्ण अर्थसंकल्पात, जो ५० लाख कोटींच्या घरात आहे, ती शोधायला भिंग लागेल. ‘पैसाच नाही’ हे उत्तर इथे मला पटत नाही.

दिल्लीतला रुपया वाडीवर कसा पोचतो?

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे चटकन कळेल. धरणात पाणी आहे, ते सोडण्याची पाळीही जाहीर झाली, तरी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वावरात पाणी येईलच असं नाही. वाटेत दारं असतात, फुटलेले बांध असतात आणि वरचे आधी भिजतात. अंगणवाडी टेलला आहे.

केंद्राचा हप्ता राज्याच्या तिजोरीत येतो. राज्याने त्यात आपला वाटा घालून दोन्ही रकमा योजनेच्या एकाच खात्यात टाकायच्या असतात. तिथून जिल्हा, तिथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचं कार्यालय आणि शेवटी आहार शिजवणारा बचत गट. पैसे बँकांत नुसते पडून राहू नयेत म्हणून केंद्राने २०२१ मध्ये अट घातली: राज्याने आपला वाटा टाकला पाहिजे आणि आधीच्या रकमेतले किमान ७५ टक्के खर्च झाले पाहिजेत, तरच पुढचा हप्ता. अट शहाणपणाची आहे. पूर्वी कोट्यवधी रुपये वेगवेगळ्या खात्यांत पडून असत. पण याचा दुसरा परिणाम असा, की एखाद्या ठिकाणी बिलं मंजूर व्हायला उशीर झाला, की खर्च कमी दिसतो, खर्च कमी दिसला की हप्ता लांबतो आणि हप्ता लांबला की बिलं आणखी थकतात.

या साखळीत सगळ्यात कमी उसनवारी कुणाला झेपते? बचत गटातल्या बाईला. तिच्याकडे खेळतं भांडवल नसतं. दोन महिन्यांचं बिल थकलं, की ती खिचडीतली डाळ कमी करते. ही कपात कुठल्याच सरकारी कागदावर दिसत नाही. ताट वाढलं गेलं अशीच नोंद होते, आणि ती खोटीही नसते.

मुलाचं वाढीचं कॅलेंडर

अर्थसंकल्प उशिराने का होईना पूर्ण होतो, मग एवढी चिंता कशाला, असं कुणाला वाटेल. रस्ता यंदा झाला नाही तर पुढच्या वर्षी होतो. शाळेची खोली, पूल, बसस्थानक यांचंही तसंच.

मुलाचं तसं नाही. गरोदरपणाचे २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षं, म्हणजे ७३० दिवस, मिळून १,००० दिवस होतात. मेंदूची आणि उंचीची सगळ्यात वेगवान वाढ याच काळात होते. या काळात सतत अपुरं खाणं आणि वरचेवर जुलाब झाले, तर मूल वयाच्या मानाने बुटकं राहतं. याला वाढ खुंटणं म्हणतात. नंतर चांगलं खायला मिळालं तर वजन भरतं, पण गेलेली उंची आणि मेंदूच्या वाढीतलं नुकसान फार थोडं भरून निघतं.

आता हे १,००० दिवस सरकारी वर्षावर ठेवून बघा. एप्रिल ते मार्च अशी किमान तीन आर्थिक वर्षं त्यात येतात. दरवर्षी नव्या तरतुदीचा पहिला हप्ता यायला दोन महिने आणि मार्चअखेर बिलं अडकण्यात एक महिना गेला असं धरलं, तर मुलाच्या १,००० दिवसांतले आठ-नऊ महिने हा प्रवाह बारीक झालेला असतो. पुढच्या वर्षी दुप्पट आहार देऊन ते दिवस परत आणता येत नाहीत. अर्थ खात्यात बसून ‘खर्च पुढे ढकलला’ असं लिहिता येतं. मुलाच्या बाबतीत ढकलायला पुढे काही नसतं.

म्हणूनच तीव्र कुपोषित मुलांसाठीची सोय वेळेत चालणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावून घेर मोजतात. तो साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित, आपल्या यंत्रणेच्या बोलीत ‘सॅम’. आजारी नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालतात. आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह साधारण चौदा दिवस ठेवतात. आईला त्या दिवसांची बुडीत मजुरी देतात. ही बुडीत मजुरी ऐकायला किरकोळ वाटते. पण घरी आणखी दोन लेकरं आणि सोयाबीनची काढणी सुरू असलेल्या बाईला ती वेळेवर मिळणार नसेल, तर ती पाचव्या दिवशी मूल घेऊन निघून जाते. आणि आपण म्हणतो, आईलाच कळत नाही.

निर्णय आणि पैसा एकत्र आले तर काय होतं?

सगळं रडगाणंच नाही. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस घ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रात ती फक्त खासगी दवाखान्यात मिळायची आणि एका डोसला काही हजार रुपये पडायचे. ज्या घरांत न्यूमोनियाने मूल दगावण्याची भीती सगळ्यात जास्त, त्याच घरांना ती परवडत नव्हती. सरकारी लसीकरणात ती पाचच राज्यांत होती.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वदेशी न्यूमोकोकल लस आणली. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पी भाषणात ही लस देशभर देण्याची घोषणा झाली आणि त्यामुळे वर्षाला ५० हजारांहून जास्त बालमृत्यू टळतील असं सांगण्यात आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातही ती सरकारी लसीकरणात आली. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात ती फुकट मिळते. माझ्या ओळखीतल्या चांगल्या पगाराच्या घरांनीही खासगी दवाखाना सोडून तिथे रांग लावली. भाषणातलं एक वाक्य आणि त्यामागे खरोखर ठेवलेला पैसा, दोन्ही असले की घराचा काही हजारांचा खर्च वाचतो आणि बाळ सुरक्षित राहतं.

“आम्ही खासगीत जातो, शिवाय विमा आहे. आम्हाला काय?”

केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर होणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांतले ६४ रुपये लोक थेट स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ पर्यंत ते ३९ रुपयांवर आले. मोठी सुधारणा आहे. तरीही १०० तले ३९ रुपये म्हणजे दवाखान्याच्या काउंटरवर मोजून दिलेली रोकड.

विमा यातलं काही उचलतो, सगळं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिने अनेक घरं वाचवली आहेत. मात्र ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरची आहे. लहान मूल असलेल्या घराचा खर्च कसा असतो ते आठवा. ताप, खोकला, जुलाब, कान दुखणं. डॉक्टरची फी, सिरप, रक्ताची तपासणी, रिक्षा, आईचा किंवा बापाचा बुडालेला दिवस. यातलं काहीच दाखल होण्याच्या पातळीचं नसतं आणि वर्षभरात तेच सगळ्यात जास्त पैसे खातं. याला उतारा एकच आहे: घराजवळचं उपकेंद्र उघडं असणं, तिथे औषध असणं, माणूस असणं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले, हे उत्तम झालं. पण मोफत केसपेपर हातात घेऊन बालरोगतज्ज्ञाच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहिलं, तर मूल शेवटी खासगीतच जातं.

रिक्त पद ही अर्थसंकल्पातली सगळ्यात शांत कपात आहे. पद मंजूर असतं, पगाराची तरतूद असते, माणूस मात्र भरलेला नसतो. वर्षअखेरीस पैसे वाचले असं दिसतं.

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, तेही कोविडवरचा खर्च धरून, तो १.८४ टक्के होता. हा जो फरक आहे, तो तुमच्या-माझ्या घरात औषधांच्या दुकानाच्या बिलावर दिसतो.

“महाराष्ट्र तर श्रीमंत राज्य आहे!”

आहेच. आणि बालमृत्यू रोखण्यात आपण देशाच्या पुढे आहोत. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जन्मांमागे देशात २८ अर्भकं दगावत होती, महाराष्ट्रात १६. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वाढ खुंटलेली आढळली, देशाची सरासरी ३५.५. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं तर आपल्याकडे २५.६ टक्के आणि देशात १९.३. आपण मुलं जगवतो, त्यांना धड वाढवत नाही.

वाईट याचं वाटतं की आपल्याला हे जमलं होतं. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरल्यावर २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. आरोग्य आणि महिला-बालविकास ही दोन खाती एकाच मुलाकडे बघायला बसली. पहिल्या १,००० दिवसांवर लक्ष ठेवलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं वाढ खुंटण्याचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आलं. एवढ्या कमी काळात एवढी घट हा देशातच नव्हे, जगात दखल घेण्याजोगा बदल होता. नंतर मात्र गाडी रुतली. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता, पुढच्या पाहणीत तो कमी झाला नाही, किंचित वाढला. राज्य तेच, लोक तेच, त्या काळात उत्पन्नही वाढलं.

“कितीही पैसे द्या, मधले खाणारच”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो खोटा नाही. घरपोच आहाराच्या कंत्राटांवरून महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. पाकिटातला तो आहार मुलं खात नाहीत आणि पाकिटं गुरांपुढे जातात, हे खेड्यात सगळ्यांना माहीत आहे.

पण गळती आहे म्हणून नळाचं पाणी कमी सोडलं, तर टेलचा आधी कोरडा पडतो, गळती तशीच राहते. गळती थांबते ती बघणारं माणूस असलं की. अंगणवाडीत ते माणूस म्हणजे सेविका. केंद्राच्या निकषानुसार २०१८ पासून तिचं मानधन महिना ४,५०० रुपये, त्यात राज्य आपली भर घालतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीतही संप सुरूच होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. मुलांचं वजन, लसीकरण, गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं हे सगळं जिच्यावर टाकलंय, तिला आपण अजून ‘मानधनी’ म्हणतो. सेविकेच्या पैशात कपात म्हणजे देखरेखीत कपात.

विचारायचं कुणाला?

केंद्राच्या अर्थसंकल्पात २००८-०९ पासून मुलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र असतं. ज्याला आकड्यांत रस आहे त्याने ते उघडून अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाजाचे रकाने शेजारी ठेवून वाचावेत. पण बाकीच्यांसाठी जवळची जागा आहे ग्रामसभा. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांपर्यंत मुक्त निधी मिळू शकतो. बऱ्याच गावांत तो कशावर गेला हे समितीच्या सदस्यांनाच माहीत नसतं. बिघडलेला वजनकाटा, मोडलेली उंचीची पट्टी, पिण्याच्या पाण्याची टाकी या गोष्टी त्यातून होऊ शकतात.

वर्षातली एक ग्रामसभा २६ जानेवारीला असते, बिलं अडकण्याच्या हंगामाच्या ऐन तोंडावर. तिथे तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. आपल्या अंगणवाडीच्या बचत गटाची किती महिन्यांची बिलं थकली आहेत? गावात आज किती मुलं सॅम आहेत आणि त्यांतली किती ग्राम बाल विकास केंद्रात आहेत? १० टक्क्यांतले किती रुपये खर्च झाले आणि कशावर?

मावशी निवृत्त झाली तेव्हा तिने वजनांची वही नव्या सेविकेच्या हाती दिली. उधारीची वही तिने घरी आणली आणि वाण्याचे शेवटचे पैसे तिच्या निवृत्तीनंतर चार महिन्यांनी फिटले.